कुरुमनचे घर आणि नाताळचे चित्र

थोर पुरुषाच्या संसारात डोकावू नये, हा आमच्या चरित्रलेखनाचा एक अलिखित दंडक होऊन बसला आहे. पुरुष एकदा थोर ठरला की त्याच्या चुलीचा धूर चरित्रकाराच्या डोळ्यांना सोसेनासा होतो. तुकोबांच्या आवलीला कजाग ठरवून कीर्तनकारांनी पिढ्यान्‌पिढ्या हशे पिकविले. पण घरात दाणा नसता पोरांच्या तोंडी घास कोणी घातला, हे त्या हशांच्या गदारोळात कोणी विचारले नाही. बोहल्यावरून ‘सावधान’ ऐकून निघून गेलेल्या समर्थांची गोष्ट आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. अंतरपाटाच्या पलीकडे उभ्या राहिलेल्या मुलीचे पुढे काय झाले, असे विचारणारा श्रोता मात्र आमच्या पाहण्यात आलेला नाही.

हा दंडक आम्ही आता परदेशच्या थोरांसही लावू लागलो आहो. आमच्या एका विद्वान स्नेह्यांनी डेव्हिड लिव्हिंगस्टन या मिशनरी प्रवाशावर लिहिलेल्या विस्तृत लेखाची मुद्रिते मध्यंतरी आम्हांस वाचावयास दिली. लेख परिश्रमपूर्वक लिहिला आहे, याविषयी वाद नाही. त्यात नद्या आहेत, सरोवरे आहेत, सिंहाने १८४४ साली मोडलेला हात आहे. पण पत्नीला दीड ओळ आहे. आम्ही तक्रार करताच ते हसून म्हणाले, “अहो, तो आफ्रिका धुंडाळीत होता, आणि तुम्ही त्याचे स्वयंपाकघर काय धुंडाळता?” प्रश्न चटकदार होता व त्या वेळी आम्हांस उत्तर सुचले नाही. ते आता देतो.

मौज अशी की, ज्या लेखात पत्नीला दीड ओळ, त्याच लेखाच्या आरंभी एक भरघोस पानभर ‘नाताळचे चित्र’ रंगविलेले आहे. अरण्याच्या मध्यभागी मिशनरीचे टुमदार घर. मेणबत्त्या लावलेले झाड. गोड पदार्थांनी भरलेले मेज. मध्ये बायबल वाचणारा पिता, भोवती पत्नी व मुले, आणि दारात विस्मयाने पाहणारे कृष्णवर्णी नवख्रिस्ती! म्हणजे संसार हिशेबाला आला तर वर्ज्य, आणि शोभेला आला तर ग्राह्य. आमचे भांडण आहे ते या सोयीच्या सोवळ्याशी.

प्रथम चित्राचेच पाहू. ‘नाताळ’ हा शब्द आम्हांस पोर्तुगीजांनी दिला, आणि त्याच पोर्तुगीजांनी तो दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्यासही दिला. १४९७ सालच्या नाताळच्या सुमारास वास्को द गामाची गलबते तेथून गेली म्हणून त्या किनाऱ्याचे नाव ‘नाताल’ पडले. पुढे १८६० पासून हिंदी मजूर ज्या वसाहतीत करारावर नेले गेले व १८९३ साली गांधी जेथे उतरले, तिचे नाव आमची वर्तमानपत्रे ‘नाताळ’ असेच छापीत. सणाचे व देशाचे नाव एक, अशी ही विलक्षण जागा. परंतु तेथे डिसेंबर म्हणजे भर उन्हाळा, हे आमच्या चित्रकारांच्या ध्यानी राहत नाही. ज्या कुरुमनविषयी आम्ही बोलणार आहो ते तर नातालपासून फार दूर, कालाहारीच्या रुक्ष प्रदेशाच्या कडेस आहे. तेथे डिसेंबरात शेकोटीभोवती कुटुंब बसविणाऱ्याने आधी पंचांग पाहावे.

दुसरे असे की, हे लोक स्कॉच परंपरेचे. स्कॉटलंडच्या धर्मसुधारकांनी सोळाव्या शतकातच नाताळ हा पोपपंथी अवशेष म्हणून टाकून दिला होता. १६४० साली तेथील पार्लमेंटने त्याची सुटीही काढून घेतली. आणि २५ डिसेंबर ही स्कॉटलंडात सार्वजनिक सुटी व्हावयास १९५८ साल उजाडावे लागले. रॉबर्ट मॉफट व त्याचा जावई लिव्हिंगस्टन हे दोघेही या कडक हवेत वाढलेले. त्यांच्या घरी झाडाला मेणबत्त्या लावणे म्हणजे एखाद्या कट्टर प्रार्थनासमाजिस्टाच्या घरी गणपती बसविण्यासारखे आहे. दक्षिण आफ्रिकेत नाताळ खराखुरा प्रिय होता तो मोरेव्हियन पंथाच्या मिशनऱ्यांना. त्यांच्याही इतिहासातली नाताळची गोष्ट आमच्या चित्रात बसणारी नाही. गेओर्ग श्मिट हा त्यांचा पहिला मिशनरी १७३७ साली केप वसाहतीत आला व डच पाद्र्यांच्या विरोधामुळे १७४४ साली परत गेला. त्यानंतर अठ्ठेचाळीस वर्षांनी, १७९२ सालच्या नाताळच्या आदल्या दिवशी, तिघे नवे मिशनरी त्याच ठिकाणी, म्हणजे पुढे गेनाडेंडाल या नावाने प्रसिद्ध झालेल्या खोऱ्यात, पोहोचले. तेथे त्यांना काय आढळले? श्मिटने लावलेले नासपतीचे झाड, आणि त्याच्याकडून बाप्तिस्मा घेतलेली लेना नावाची एक वृद्ध खोय बाई. त्याने दिलेला नवा करार तिने मेंढीच्या कातड्यात गुंडाळून इतकी वर्षे जपला होता. म्हणजे पाद्री नसता धर्म टिकला तो एका बाईच्या घरात. आमच्या चित्रात ही बाई कोठे आहे? दारात विस्मयाने उभी!

आता कुरुमनचे घर. रॉबर्ट मॉफट हा व्यवसायाने माळी. ज्या रोपवाटिकेत तो नोकरीस होता तिच्या मालकाची कन्या मेरी स्मिथ. आईबापांची संमती मिळावयास दोन-तीन वर्षे गेली. तोवर तो आफ्रिकेत जाऊन पोहोचलाही होता. मग ही चोवीस वर्षांची मुलगी एकटी समुद्रप्रवास करून १८१९ च्या डिसेंबरात केपटाउनास उतरली, व त्या महिन्याच्या २७ तारखेस त्यांचा विवाह झाला. तिचे शिक्षण इंग्लंडातल्या मोरेव्हियन शाळेत झालेले. तेव्हा नाताळचा उत्सव तिने लहानपणी पाहिला असणार. मात्र विवाहानंतरचा तिचा पहिला मोठा सोहळा म्हणजे बैलगाडीचा प्रवास. त्यानंतर १८७० पर्यंत, इंग्लंडातली चारेक वर्षे सोडता, ती तेथेच राहिली. दहा अपत्ये झाली; त्यांतली काही लहानपणीच गेली. आपल्या लेकरांबरोबर टाकून दिलेले एक आफ्रिकन मूलही तिने वाढविले.

तिच्या पत्रांतली एक गोष्ट आमच्या वाचकांस विशेष रुचेल. आपण आठवड्यातून एकदा तरी घरातल्या सर्व जमिनी शेणाने सारवून घेतो, असे तिने विलायतेतील आप्तांस कळविले. प्रथम तिला या गोष्टीची किळस आली. परंतु पुढे शनिवार कधी येतो व सारवण कधी होते, असे होऊन गेले. धूळ बसते, पिसवा मरतात, आणि जमिनीला सुरेख हिरवट रंग चढतो, अशी तिने शिफारसही केली आहे. हे वाचून आम्हांस आमच्या आजीची ओसरी आठवली. ज्या स्त्रीने आफ्रिकेला ‘सुधारावयाचे’ म्हणून समुद्र ओलांडला, तिला पहिल्याच काही वर्षांत तेथील बायकांनी घर राखावयास शिकविले! सुधारणेचा हा उलटा ओघ कोणत्या थोर चरित्रात नोंदला आहे?

आमच्या स्नेह्यांना स्वयंपाकघर क्षुद्र वाटते. पण याच घराच्या आश्रयाने मॉफटने त्स्वाना भाषा लिपिबद्ध केली; १८३० साली लूककृत शुभवर्तमान छापले, १८३१ साली छापखाना कुरुमनला आणला, १८४० साली नवा करार आणि १८५७ साली कुरुमनलाच छापून संपूर्ण बायबल पुरे केले. एका जागी ठाण मांडून, रोज तीच माणसे, तोच पाट, तीच बाग पाहत बसल्याशिवाय परकी भाषा हाती लागत नाही. आणि ठाण मांडावयाचे तर घर लागते, व घर चालवावयाचे तर घरवाली लागते. शिवाय पाणी भरणाऱ्या, दळणाऱ्या, मुले सांभाळणाऱ्या आफ्रिकन मुलीही लागतात. त्यांची नावे बहुधा कोठेच राहिली नाहीत. कीर्ती मात्र गेली ती चालत्या जावयाकडे.

या जावयाकडे वळू. मॉफटची थोरली कन्या, तीही मेरीच, आफ्रिकेतच जन्मलेली, तेथील भाषा आईच्या भाषेइतकी सहज बोलणारी. १८४५ च्या जानेवारीत कुरुमन येथे तिचा लिव्हिंगस्टनशी विवाह झाला. कोलोबेंग येथे त्यांनी घर बांधले. तिने शाळा घेतली, साबण व मेणबत्त्या घरी केल्या, मुले वाढविली. पतीला मात्र उत्तरेची ओढ लागलेली. १८५० साली तो तिला व मुलांना घेऊन नगामी सरोवराकडे गेला. मुले तापाने आजारी पडली. परत आल्यावर जन्मलेली मुलगी सहा आठवड्यांत वारली व तिला स्वतःला तोंडाच्या एका बाजूस पक्षाघात झाला. पुढल्याच वर्षी ती पुन्हा गरोदर असता त्याने पुन्हा गाडी जुंपली. वाटेत पाणी संपले. मुले तहानेने मरतात की काय अशी वेळ आली. त्या प्रसंगी पत्नीने निंदेचे एक अक्षर उच्चारले नाही, डोळ्यांतले पाणीच काय ते बोलले, असे त्यानेच आपल्या ग्रंथात लिहून ठेवले आहे. आमच्या स्नेह्यांनी हे वाक्य ‘सहधर्मचारिणीच्या मूक धैर्याचे’ उदाहरण म्हणून घेतले आहे. त्यांची ती दीड ओळ ती हीच!

येथे आम्हांस एक नेहमीचा आक्षेप ऐकू येतो: आजच्या कल्पना त्या काळास लावू नका, तो काळच तसा होता. ठीक. मग त्या काळचाच साक्षीदार घेऊ. १८५१ साली, हा दुसरा प्रवास निघण्याच्या वेळी, कुरुमनहून सासूने जावयास पत्र लिहिले. एक लेकरू गमावलेत, बाकीची कशीबशी वाचली, तरी पुन्हा तिला या अवस्थेत रानात नेता, जगाने याला काय म्हणावे, असा त्या पत्राचा रोख आहे. जावयाने ते पत्र आपल्या रोजनिशीत उतरून ठेवले व गाडी हाकली. तेव्हा हे माप आमचे नव्हे. एकोणिसाव्या शतकातल्या, त्याच धर्माच्या, त्याच मिशनच्या, पन्नाशी उलटलेल्या स्त्रीने ते लावलेले आहे, आणि तिला आफ्रिका कोणत्याही चरित्रकारापेक्षा अधिक ठाऊक होती.

१८५२ च्या एप्रिलात लिव्हिंगस्टनने पत्नी व चारही मुलांस केपटाउनहून जहाजात बसवून विलायतेस पाठविले. तेथे ती पैशाच्या ओढीत, एका भाड्याच्या जागेतून दुसऱ्या जागेत फिरत राहिली. तो परतला १८५६ च्या डिसेंबरात. नाताळचेच चित्र हवे असेल तर आम्ही साधे गणित मांडतो. १८५२ पासून १८७३ साली त्याचा अंत होईपर्यंत एकवीस नाताळ गेले. त्यांपैकी तो मुलांच्या देशात होता ते १८५६, १८५७ व १८६४ असे तीन. धाकटी मुलगी १८५८ साली जन्मली. तिने बापाचे तोंड प्रथम पाहिले ते १८६४ साली. १८६५ चा नाताळ तर त्याने आमच्या मुंबई इलाख्यात काढला. शेवटच्या प्रवासाची तयारी चालली होती, आणि गुलामगिरीतून सोडविलेली जी आफ्रिकन मुले नाशिकच्या मिशनात शिकत होती त्यांतली काही तो बरोबर नेणार होता. त्याच नाशिकचा जेकब वेनराइट पुढे १८७४ साली वेस्टमिन्स्टर ॲबीत त्याच्या शवपेटीबरोबर चालला. पत्नी १८६२ च्या एप्रिलात झांबेझीकाठी शुपांगा येथे तापाने गेली होती, व तिला तेथेच एका गोरखचिंचेखाली पुरले होते. थोरला रॉबर्ट बापाला शोधावयास आफ्रिकेत आला, त्याला पोहोचू शकला नाही, अमेरिकेस गेला, खोट्या नावाने तेथील यादवीत लढला आणि १८६४ च्या अखेरीस कैदेत मेला. आपण मुलांशी अधिक खेळावयास हवे होते, अशी हळहळ लिव्हिंगस्टनने उत्तरायुष्यात लिहून ठेविली आहे. ती आम्ही खरी मानतो. तो दुष्ट नव्हता. पण दुष्ट नसणे हे काही हिशेब न देण्याचे कारण होत नाही.

शिवाय हिशेब एवढ्या एकाच घराचा नाही. लिव्हिंगस्टनने झांबेझीच्या बाजूच्या प्रदेशाची शिफारस केली म्हणून लंडन मिशनरी सोसायटीने हेल्मोर व प्राइस ही दोन कुटुंबे लिन्यांतीला धाडली. १८६० साली काही आठवड्यांतच हेल्मोर, त्याची पत्नी, त्यांची दोन मुले, प्राइसचे तान्हे मूल, आणि परतीच्या वाटेवर प्राइसची पत्नी, इतकी माणसे गेली. परतलेल्या प्राइसने पुढल्या वर्षी मॉफटच्याच धाकट्या मुलीशी, एलिझाबेथशी, विवाह केला. तिच्या रोजनिशा १९५६ साली प्रसिद्ध झाल्या आहेत. मिशनरीचे घर आतून कसे होते हे ज्यास पाहावयाचे असेल त्याने त्या वाचाव्या. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ वाचून ज्यांना रेव्हरंड टिळक प्रथमच नीट दिसले, त्यांना आमचे म्हणणे वेगळे पटवावयास नको.

आता दुसरा पक्ष. काही मंडळी म्हणतात की हा सगळा खटाटोपच साम्राज्याचा. पाद्री आले, मागून तोफा आल्या. त्यांच्या बायकामुलांसाठी आम्ही अश्रू का ढाळावे? या मंडळींस आमचे सांगणे असे की, तुम्हीही घर न पाहताच निकाल देता. तुमच्या बाजूचा सर्वांत बळकट पुरावा तोफांत नाही, घरांत आहे. बक्वेना लोकांचा राजा सेचेले हा लिव्हिंगस्टनचा एकमेव नामांकित शिष्य. त्याला पाच राण्या. बाप्तिस्मा हवा तर एकच ठेव, ही अट. १८४८ साली त्याने चौघींना नवी वस्त्रे व त्यांची चीजवस्तू देऊन माहेरी पाठविले. त्या ज्या सरदारांच्या मुली, त्यांच्याच बळावर त्याला गादी परत मिळाली होती. लोक बाप्तिस्म्याच्या वेळी रडले. आणि स्वतः लिव्हिंगस्टनच कबूल करतो की, या धाडून दिलेल्या बायका त्याच्या शाळेतल्या उत्तम विद्यार्थिनी होत्या. जी पट्टराणी राहिली तिलाच ख्रिस्ती धर्माची सर्वांत कमी गोडी! पुढे त्या चौघींपैकी एकीला सेचेलेपासून दिवस गेले, तेव्हा मिशनरीने राजास प्रभुभोजनातून वगळले. आदर्श कुटुंब उभे करण्यासाठी एक चालते कुटुंब मोडले, आणि मोडणाऱ्याने चारच वर्षांनी आपले कुटुंब जहाजात बसवून दिले. या विसंगतीवर नाटककाराने हात टाकावा.

परंतु तोफांची गोष्ट या पक्षाला वाटते तितकी सरळ नाही. सेचेलेला मिशनरी शस्त्रे पुरवितो या संशयाने १८५२ साली बोअरांनी कोलोबेंगचे घर लुटले. पुस्तके फाडून फेकली. तोफ येथे पाद्र्याच्या मागून आली नाही, त्याच्या दारावर आली. मॉफटच्या पाटाची गोष्टही अशीच. बागवान पाद्र्याने झऱ्याचे पाणी आपल्या बागेत वळविले. गावच्या बायकांना आपल्या शेताला पाणी हवे होते. त्या कुदळी घेऊन गेल्या आणि बंधारा फोडून आल्या. मॉफटने हे आपल्या १८४२ च्या ग्रंथात वैतागून लिहिले आहे. आम्हांस त्या बायकांचा पक्ष बिनतोड वाटतो.

आणि नाताळ? तो सण शेवटी तेथील लोकांचा झाला, पण पाद्र्यांच्या चित्राबरहुकूम नव्हे. त्स्वाना भाषेत त्याला ‘केरेसेमोसे’ म्हणतात. १८७० नंतर किंबर्लीच्या हिऱ्यांच्या खाणी, १८८६ नंतर विटवाटर्सरँडच्या सोन्याच्या खाणी यांनी गावोगावचे पुरुष ओढून नेले. खाणमालकांना मजूर हवा होता, त्याचे कुटुंब नको होते. पुरुषांनी कोंडवाड्यासारख्या आवारांत राहावे, बायकामुलांनी गावी शेत पाहावे, असा कायदा व रिवाज कित्येक पिढ्या चालला. त्यामुळे डिसेंबर म्हणजे बाप घरी येण्याचा महिना. मुलांना वर्षातले नवे कपडे तेव्हा, लग्ने तेव्हा, कोंबडीबकरे तेव्हा. गिरणीतला चाकरमानी गणपतीला कोकणात निघाला की मुंबईचे बंदर व पुढे गाडीतळ कसे फुलून जात, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना जोहान्सबर्गच्या डिसेंबरातल्या गर्दीचे वर्णन करून सांगावयास नको. खाणींचा तो जुना जाच बदलला, तरी ही गर्दी अद्याप ओसरलेली नाही. लिव्हिंगस्टनच्या मुलांनी ज्या बापाची वाट पाहिली तो आला दोनदा. खाणीवाल्याच्या मुलांचा बाप वर्षातून एकदा आला, तोही खोकत.

आमच्या स्नेह्यांच्या लेखाची मुद्रिते अद्याप आमच्या मेजावर आहेत. उद्या ती परत करावयाची. नाताळचे चित्र काढून टाकल्यास छापील एक पान मोकळे होते. तेवढ्या जागेत कुरुमनची सासू, तिचे १८५१ चे पत्र, चार राण्यांची पाठवणी व शुपांगाची गोरखचिंच सहज बसतात. समासात आम्ही पेन्सिलीने तशी खूण करून ठेविली आहे.